वाक्य ज्याचं त्याचं

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत बाई बसत. दारावर 'परदेशी अभ्यागत कक्ष' अशी पाटी होती आणि तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीने 'थांबा' असं लिहून ठेवलं होतं. ते खोडायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण बाईंचं नावच थांबाबाई पडलं होतं. कुणी घाईघाईने आत शिरलं की बाई डावा हात वर करत आणि समोर बसलेल्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत तो हात खाली येत नसे. एकदा खुद्द कुलगुरू आले, तरी हात वरच. कुलगुरू निमूटपणे दाराशी उभे राहिले आणि नंतर महिनाभर ती गोष्ट कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटले. घरी बाईंच्या यजमानांची तक्रार वेगळीच होती. ते म्हणत, 'हिच्याशी भांडणात मजा नाही. मध्ये बोलतच नाही. माझं सगळं ऐकून घेते, मग माझं मलाच लाजल्यासारखं होतं.'

बाईंचं काम ऐकायला सोपं होतं. बाहेरच्या देशांतून वर्ष-सहा महिन्यांसाठी संशोधनाला येणाऱ्या पाहुण्यांना इंग्रजी येतं की नाही, हे विद्यापीठाने आधी पाहून घ्यावं असा नियम होता. पाहुण्याने एकतर मोठ्या परीक्षेचे गुण दाखवायचे, नाहीतर आपण इंग्रजीतून शिकलो असं आपल्या कॉलेजाचं पत्र आणायचं, आणि यातलं काहीच नसेल तर बाईंना मुलाखत द्यायची. मुलाखतीच्या अहवालाखाली बाईंची सही झाली की व्हिसाचं काम पुढे सरके. सही नाही, तर इकडे प्रयोगशाळा कितीही डोळे लावून बसलेली असो, पाहुणा आपल्या घरी.

सुरुवातीच्या काळात या मुलाखती टेलिफोनवर होत. टेबलावर एक जडशीळ काळा फोन होता. आधी दोन-तीन ठिकाणच्या ऑपरेटरशी हुज्जत घालायची, मग लाइन लागायची आणि विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज यायचा. बाई खिडकी लावून घेत, डोळे मिटत आणि ऐकत. पाहुणा म्हणजे आधी नुसता आवाज. दोन महिन्यांनी तोच आवाज दारात उभा राहून 'आत येऊ का' म्हणाला की बाई मान वर न करता सांगत, 'या. त्या दिवशी तुमच्याकडे कुत्रा फार भुंकत होता, आता बरा आहे का?' आलेला माणूस चाट पडे. बाईंना त्या दिवसांची आठवण फार यायची. पुढे पडद्यावर चेहरे दिसायला लागले, सोय झाली, सगळं झालं. पण चेहरा दिसला की माणूस कमी ऐकतो, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या कुणालाही ऐकवत.

मुलाखतीची त्यांची पद्धत ठरलेली. आधी पाहुण्याला त्याचं काम विचारायचं. मग एखादी घरगुती गोष्ट, सकाळी कामावर कसे जाता, खिडकीतून काय दिसतं, असली. आणि सगळ्यात शेवटी पाहुण्याने बाईंना काहीतरी विचारायचं. हे शेवटचं झाल्याशिवाय मुलाखत पुरी नाही. 'उत्तरं काय, घोकून येतात,' त्या म्हणत. 'प्रश्न घोकला तर लगेच कळतं.' आणि एक नियम कुठे लिहिलेला नव्हता, तो फक्त बाईंचा. समोरच्याला शब्द सापडेना, तो अडला, घामाघूम झाला, तरी त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही.

हा नियम त्या कुठल्या प्रशिक्षणात शिकल्या नव्हत्या. तो त्यांच्या माहेरचा होता.

बाईंचे बाबा शिंपी होते. एका लहानशा गावात, रस्त्याला लागून त्यांचं दुकान आणि दुकानामागेच घर. दुकानात एक शिलाई मशीन, बेतायला एक लांब टेबल, आणि भिंतीला असा आरसा की त्यात गिऱ्हाईक जरा बारीकच दिसे. बाबांच्या हातात कसब होतं, पण जीभ अडखळायची. साधं 'उद्या या' म्हणायचं तरी 'उ'पाशी गाडी अडायची. मान थरथरायची, डोळे मिटायचे, पाय मात्र मशीनच्या पट्टीवर चालूच. गिऱ्हाइकांना ते बघवायचं नाही. माणसं तशी भली होती, म्हणून मदतीला धावायची. बाबा 'कॉलर...' म्हणून अडले की कुणीतरी म्हणायचं, 'हो हो, गोल कॉलर करा.' बाबांना विचारायचं असायचं की कॉलर कडक हवी की मऊ. पण समोरच्याने वाक्य संपवून टाकलेलं, ते परत उघडायचं कुणाच्या जिवावर. मग बाबा मान डोलवायचे आणि गोल कॉलर करायचे. गावातल्या निम्म्या पुरुषांनी वर्षानुवर्षं गोल कॉलरी घातल्या, त्यामागचं खरं कारण एवढंच होतं.

दुकानात जे चालायचं ते चालायचं, घरात मात्र आईचा कायदा होता. बाबांचं वाक्य बाबांनीच पुरं करायचं. बाबा बोलायला लागले की सगळ्यांनी हातातलं काम चालू ठेवायचं, तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, घड्याळाकडे तर मुळीच नाही. बाई लहान असताना एकदा त्यांनी उतावीळपणे बाबांचं वाक्य पुरं केलं, आणि ते बरोबरही होतं. तरी आई म्हणाली, 'तुला येत होतं ते कळलं. पण ते त्यांचं होतं ना?' बस, तेवढंच. रागावली नाही, काही नाही. त्या घरात जेवायला वेळ लागायचा, गोष्टी संपायला वेळ लागायचा, आणि बाबा एखादा विनोद सांगायला लागले की हसू पोटात धरून सगळे बसायचे. शेवटी विनोद बाहेर पडला की असे हसायचे की शेजारी विचारायला यायचे. बाई म्हणत, तसं हसणं पुन्हा कुठे ऐकलं नाही.

एक वाक्य मात्र राहून गेलं होतं. बाई शिकायला पहिल्यांदा घर सोडून निघाल्या तेव्हा बाबांनी त्यांच्यासाठी कोट शिवला. कापड एका गिऱ्हाइकाने न नेलेलं, राखी रंगाचं, चांगलं होतं, पण अस्तराला कमी पडलं. दुहेरी लावायचं ते एकेरीच लागलं, आणि बाबा दोन दिवस स्वतःवरच चरफडत होते. बस सुटायच्या वेळी ते खिडकीखाली उभे राहिले. खिडकीतून हात घालून त्यांनी कोटाची बाही दोन बोटांत धरली आणि म्हणाले, 'तिकडे...' आणि अडले. मान थरथरली, डोळे मिटले. बाई थांबल्या होत्या, घरात सगळे थांबत तशा. पण ड्रायव्हरला आईचा कायदा ठाऊक नव्हता. बस निघाली, बाही बोटांतून सुटली आणि बाबा डोळे मिटलेलेच मागे राहिले.

सुट्टीत घरी आल्यावर बाईंनी विचारलं, 'बाबा, त्या दिवशी तुम्ही काय म्हणत होता?'

'आठवत नाही,' बाबा म्हणाले. एका दमात, न अडखळता.

आई म्हणाली, 'असेल काहीतरी साधंच.' पण बाईंना ते पटलं नाही. पुढे बाबा गेले, दुकान गेलं, त्या जागी कुणीतरी चष्म्यांचं दुकान काढलं. बाई मात्र त्या 'तिकडे'पुढे वाक्यं लावून बघत राहिल्या. तिकडे आपलं नाव काढ. तिकडे आम्हाला विसरू नकोस. तिकडे कुणी हसलं तर मनावर घेऊ नकोस. वयाप्रमाणे वाक्य बदलत गेलं, आणि दर वेळी ते आधीच्यापेक्षा भारदस्त होत गेलं.

तर अशा या बाईंच्या निवृत्तीला आठवडाभर उरला असताना ओलवाले पाहुणे आले. आले म्हणजे त्यांची फाइल आली. हे गृहस्थ जुन्या भिंतींमधली ओल या विषयातले जाणकार होते. भिंत पाणी कुठून पिते, किती उंच चढवते आणि मग त्यातले क्षार कसे बाहेर फुटतात, यात त्यांनी जन्म घातला होता. विद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विभागाला ते वर्षभरासाठी हवे होते. अडचण एकच. मोठ्या परीक्षेत लिहिण्या-वाचण्यात त्यांना उत्तम गुण होते आणि बोलण्यात जवळजवळ शून्य. दोनदा परीक्षा दिली, दोन्हीदा तेच. त्यांच्या संस्थेत शिकवणं त्यांच्याच भाषेत, त्यामुळे पत्राची वाट बंद. शुक्रवारपर्यंत इंग्रजी सिद्ध झालं नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि पाहुण्यांचं वय बघता पुन्हा कुणी बोलावेल असं नव्हतं.

मुलाखतीला कक्षाचे नवे साहेबही बसले. हे साहेब तरुण, उमदे, भरभर चालणारे आणि भरभर बोलणारे. बाई गेल्यावर मुलाखती त्यांनाच घ्यायच्या होत्या, म्हणून शिकायला बसले होते. पडद्यावर पाहुणे दिसले. विरळ केस, इस्त्रीचा शर्ट, मागे पुस्तकांची फळी. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. बाईंनी विचारलं, 'तुमच्या कामाबद्दल सांगा.'

पाहुण्यांनी तोंड उघडलं. 'भिं...' आणि अडले. मान थरथरली. डोळे मिटले.

परीक्षेत गुण का गेले ते बाईंना त्याच क्षणी कळलं. तिथे यंत्र ऐकतं, आणि यंत्राला वाटतं की गप्प बसला तो विसरला.

'भिंतीतली ओल, बरोबर?' साहेब प्रेमाने म्हणाले. पाहुण्यांनी मान डोलवली. 'ती खालून वर...' पाहुणे पुन्हा अडले. 'चढते,' साहेब म्हणाले. 'वा, फारच छान.' बाईंचा डावा हात वर गेला, पण साहेब पडद्याकडे बघत होते. पाहुणे एक शब्द टाकत, साहेब उरलेले तीन. खिडकीतून काय दिसतं याचं उत्तर तर साहेबांनीच जवळजवळ सगळं दिलं, आणि दिलं त्यातलं झाड पाहुण्यांच्या खिडकीबाहेर होतं की नाही कोण जाणे. पाहुणे मान डोलवत राहिले. बाईंना गोल कॉलरी आठवल्या.

पडदा बंद झाल्यावर साहेब हात चोळत म्हणाले, 'झालं की. गोड माणूस आहे. घाला सही.'

'नाही घालता यायची,' बाई म्हणाल्या.

'का? इंग्रजी येतं की त्यांना.'

'येत असेल. या मुलाखतीतलं इंग्रजी झकास आहे, साहेब, पण ते तुमचं आहे. हे सगळं रेकॉर्ड झालंय. उद्या कुणी तपासायला बसलं तर म्हणेल, पाहुण्यांच्या तोंडून अख्खं वाक्य एकसुद्धा नाही.'

साहेबांचा चेहरा पडला. 'अहो, मला बघवत नव्हतं. मी मदत करत होतो.'

'ते दिसलं मला,' बाई म्हणाल्या. 'आमच्या गावात पण सगळे मदतच करायचे.' आणि मग त्यांनी साहेबांना बसवून घेतलं आणि बाबांचं सांगितलं. दुकान, आरसा, कॉलरी, आईचा कायदा. बसचं नाही सांगितलं. साहेबांनी ऐकलं, आणि त्यांच्या बाजूने सांगायचं तर मध्ये एकदाच बोलले. शेवटी त्यांनीच पाहुण्यांना निरोप धाडला, की आज माझ्याकडून चूक झाली, उद्या पुन्हा भेटू. पाहुण्यांचं लगेच उत्तर आलं. दोनच ओळी, पण त्यातून घाबरलेला माणूस दिसत होता. त्यांना वाटलं होतं, आपण पुन्हा नापास.

दुसरा दिवस शुक्रवारच होता. साहेब टेबलाच्या टोकाला बसले, हाताची घडी घालून, तोंड घट्ट मिटून. बाईंनी घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. मग त्यांनी एक गोष्ट केली जी इतक्या वर्षांत केली नव्हती. समोरची कापडी पिशवी उघडली आणि विणकाम काढलं. पाहुण्यांकडे बघून म्हणाल्या, 'मी ऐकते आहे. हात चालू ठेवते, माझ्या घरची सवय आहे. तुम्ही सावकाश सांगा. कुणी मध्ये बोलणार नाही.'

पाहुणे बोलायला लागले. सुरुवातीला फार वेळ गेला. सुया चालत होत्या, साहेबांच्या कपाळावर घाम आला होता, आणि पाहुणे 'भिंत' या शब्दाशी झुंजत होते. मग तो शब्द सुटला आणि त्याच्यामागून अख्खं वाक्य आलं. मग दुसरं. भिंतीला तहान लागते ती पायापासून, ते म्हणाले. लोक वरून रंग लावतात, भिंत रंग फेकून देते. म्हातारी भिंत खोटं बोलत नाही, ती घाम गाळून दाखवते. ते अडत होते, पुन्हा सुरू करत होते, पण इंग्रजी असं नेटकं की साहेब हाताची घडी विसरून पुढे झुकले. खिडकीतून काय दिसतं, तर शेजाऱ्याची भिंत दिसते, आणि ती सुद्धा ओली आहे, पण शेजारी ऐकत नाही. यावर सगळेच हसले. विनोद बाहेर पडायला वेळ लागला होता, त्यामुळे हसूही मनापासून आलं.

'आता शेवटचं,' बाई म्हणाल्या. 'तुम्हाला आम्हाला काय विचारायचंय?'

पाहुणे विचारात पडले. मग म्हणाले, 'तिकडे...'

मान थरथरली. डोळे मिटले. बाईंच्या सुया थांबल्या.

आणि पडदा काळा झाला. पाहुण्यांच्या गावची वीज गेली असावी. मग साहेब हळूच म्हणाले, 'बाई, झालंच आहे आता. पास आहेत ते. प्रश्न विचारला असं लिहून टाकू. चार वाजेपर्यंत कागद वर गेले पाहिजेत.'

'विचारलेला नाही अजून,' बाई म्हणाल्या.

'पण परत आलेच नाहीत तर?'

'तर थांबू.'

साहेबांनी घड्याळाकडे बघायला मान वळवली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तशीच सरळ केली. उठून त्यांनी दाराची कडी लावली आणि परत येऊन बसले. बाई काळ्या पडद्याकडे बघत होत्या. विणकाम मांडीवर पडलं होतं. जिन्यावरून मुलं धडाधडा उतरून गेली, कुठेतरी नळ वाहत होता. बाईंना वाटलं, बस निघालीच आहे पुन्हा. माणसाच्या नशिबात एकच वाक्य दोनदा हुकावं हे जरा अतिच होतं, आणि त्यांना त्या विजेचा, त्या ड्रायव्हरचा, सगळ्या घाईत असलेल्या जगाचा मनापासून राग आला.

पडदा उजळला. पाहुणे धापा टाकत होते. खोली वेगळी होती, मागे पुस्तकं नव्हती, कुणाच्या तरी स्वयंपाकघराची फळी होती. बहुधा ते वीज असलेल्या घरी धावत गेले होते.

'माफ...' ते म्हणाले.

'असू दे,' बाई म्हणाल्या. 'तुमचं वाक्य राहिलंय. आम्ही आहोत.'

पाहुण्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. 'तिकडे...' पुन्हा तीच मान, तेच मिटलेले डोळे. साहेब श्वास रोखून बसले. बाईंनी सुया उचलल्या, पण टाका काही पडेना.

'तिकडे थंडी फार असते का?' पाहुणे म्हणाले. 'बायको विचारते आहे. आहे तोच कोट चालेल, की नवा शिवून घेऊ?'

साहेबांना हसू फुटलं, सुटकेचं. ते बाईंकडे वळले आणि हसायचे थांबले.

बाईंना बसच्या खिडकीतली दोन बोटं दिसत होती. ती बाहीवर नुसती ठेवलेली नव्हती. अंगठा आणि तर्जनीत धरून ती कापड चोळत होती, जसं शिंपी चोळतो, जाडी बघायला. एकेरी अस्तर. इतकी वर्षं त्यांनी त्या माणसाच्या तोंडात केवढाली वाक्यं घातली होती, आणि त्या बापड्याला पोरीला थंडी वाजेल एवढीच काळजी होती.

'शिवून घ्या,' त्या म्हणाल्या. 'आणि शिंप्याला सांगा, अस्तर...'

पुढचं येईना. ओठ हलले, शब्द निघेना. साहेबांना तो शब्द ठाऊक होता की नाही देव जाणे, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. पडद्यावरचे पाहुणे स्वयंपाकघराच्या फळीवरचा कप सरळ करत, बाईंच्या चेहऱ्याकडे न बघता, थांबले.

'दुहेरी लावा म्हणावं,' बाई म्हणाल्या.